अस्सलबरहुकूम

सोनईला साखर कारखाना आहे, कॉलेज आहे, बाजारपेठ आहे. कोर्ट मात्र नाही. भावकीचा दावा असो की बांधाचा, तारखेला नेवाशालाच जावं लागतं. त्यामुळे आजोबांच्या वेळचा एखादा निकाल हवा झाला, की नातू गाडीला किक मारून नेवासा गाठतो. कधी बँकेनं मागितलेला असतो, कधी वाटपाचा विषय पुन्हा निघालेला असतो, कधी जमीन घेणाऱ्याच्या वकिलाला शंका आलेली असते. कोर्टाच्या खिडकीवर त्याला पहिलाच प्रश्न येतो : नंबर काय?

नंबर नसतो. असतात ती माणसं आणि आठवणी. आजोबांनी चुलत्यावर केलेला दावा, मुळा धरणाचं पाणी पाटाला आलं त्या सुमाराचा; वकील नेवाशाचेच होते, आता नाहीत. एवढ्यावर अख्खं गाव ओळख पटवेल, पण रेकॉर्ड रूमला त्याचा काही उपयोग नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनं दाव्यांची नोंदवही कशी ठेवायची ते सांगून ठेवलंय : दावा दाखल होईल त्या क्रमानं नंबर द्यायचा, आणि दर वर्षी मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. म्हणून 'रे.मु.नं. ४५/१९७८' यातलं वर्ष हे निम्मं नाव असतं. नुसता ४५ घेऊन गेलेल्या माणसाला कोणत्याही वर्षाचा ४५ मिळू शकतो.

रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर. ही आद्याक्षरं महत्त्वाची, कारण त्यांच्यावरून नोंदवही बदलते. मोठ्या किमतीचा दावा 'स्पेशल', हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेली ती 'दरखास्त', आणि वारस दाखल्यासारखी कामं किरकोळ अर्जांत. गंमत म्हणजे हा वारस दाखला आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो. कंपनी सरकार गेलं, राणीचं राज्य गेलं, रेग्युलेशन राहिलं.

मग नंबर शोधायचा कुठे? बहुतेक वेळा कोर्टाच्या बाहेरच. जाणता वकील अशिलाला आधी सातबारा आणायला सांगतो. त्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात दाव्याची किंवा मनाईची नोंद असेल तर काम सोपं. नसेल तर जुने फेरफार काढायचे. गाव नमुना सहाच्या त्या नोंदीत, 'कोर्टाच्या हुकुमावरून नाव दाखल' अशा एखाद्या ओळीच्या शेजारी, तलाठ्यानं दाव्याचा नंबर आणि निकालाची तारीख लिहिलेली सापडते. तिथेही नाही सापडलं तर घरातली पत्र्याची पेटी उघडायची. तिच्यात एखादं समन्स निघतं, वकिलाची फीची पावती निघते, नाहीतर कुणी तरी घडी घालघालून चार तुकडे केलेली निकालाची नक्कल निघते. एवढा पुरावा पुरतो.

पण कित्येकदा माणूस चुकीच्या दारातच उभा असतो. शेतातला वहिवाटीचा रस्ता अडवला किंवा पाण्याची चारी बुजवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली ते प्रकरण तहसीलदारापुढे चालतं. नावात कोर्ट आहे म्हणून लोक दिवाणी कोर्टात शोधत बसतात आणि कागद असतो तहसील कचेरीत. कुळाचा वाद १९४८ च्या कुळकायद्याखालचा. त्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही, म्हणून तीही फाइल महसूल खात्याकडे. सोसायटीच्या कर्जाचा किंवा सभासदत्वाचा तंटा सहकार न्यायालयाकडे. सोनईच्या शेजारी शनिशिंगणापूर आहे. तिथल्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावं म्हणून झालेली जनहित याचिका गाजली, पण तिचा १ एप्रिल २०१६ चा आदेश नेवाशाला नव्हे, मुंबईच्या उच्च न्यायालयात मिळेल. आणि जमीन गोदावरीच्या पलीकडे गंगापूरच्या हद्दीत असेल, तर १९४८ च्या आधीचा कागद निजामाच्या राज्यातला, म्हणजे उर्दूत. एकाच घराण्याच्या दोन शेतांचे कागद दोन लिप्यांत, कधी मोडी धरून तीन.

फाइल सापडली तरी ती जागेवर असेलच असं नाही. अपील झालं असेल तर मूळ रेकॉर्ड वर गेलेलं असतं : आधी नगरला जिल्हा न्यायालयात, तिथून पुढे उच्च न्यायालयात. १९८० च्या दशकात औरंगाबादला खंडपीठ झालं आणि नगर जिल्हा त्याच्याकडे जोडला गेला. त्याआधीचं दुसरं अपील मुंबईचं. परत आलेलं रेकॉर्डही तालुक्याला आहे की जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, ते विचारावं लागतं. शिवाय सगळे कागद जन्मभर ठेवत नाहीत. वर्गवारी होते, काही कायमचे राहतात, काही ठरावीक वर्षांनी नष्ट होतात.

एखादी जुनी फाइल जवळून पाहिली, तर तिच्यात कागद कुठून कुठपर्यंत आहेत ते निशाण्यांवरून कळतं. निशाणी म्हणजे कागदावर टाकलेला क्रमांक. निशाणी १ हा दावा. निशाणी ५ हा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. तो इतका ठरलेला, की 'निशाणी पाचचा हुकूम झाला का?' एवढंच विचारलं तरी सगळ्यांना कळतं. पुढे प्रतिवादीची कैफियत, मग मुद्दे, साक्षी, उलटतपास, निकाल, आणि निकालावरून काढलेला हुकूमनामा. या सगळ्यांहून वाचनीय असतो तो रोजनामा. प्रत्येक तारखेला काय झालं याच्या त्यात दोन-दोन ओळी : वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, पुकारा केला, मुदतीचा अर्ज, मंजूर, पुढील तारीख अमुक. कोणत्या भावानं किती वर्षं काढली आणि कोण एकदाही आला नाही, हे निकालपत्रात येत नाही, रोजनाम्यात येतं. नक्कल मागताना लोक तो मागायचा विसरतात.

अस्सल खरेदीखत मात्र फाइलमध्ये शोधू नये. दाव्याचं कामकाज संपून अपिलाचाही निकाल लागला, की दाखल केलेले अस्सल दस्त ज्याचे त्याला परत मागता येतात. ते पुन्हा त्याच पत्र्याच्या पेटीत गेलेले असण्याचा संभव मोठा.

अर्ज साधा असतो : कोर्ट फी स्टॅम्प, प्रकरणाचा नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, कोणत्या निशाणीची नक्कल हवी ते आणि कशासाठी ते. पक्षकाराला अडचण नसते. त्रयस्थाला कारण सांगून परवानगी घ्यावी लागते. काही हुशार लोक माहिती अधिकाराचा अर्ज टाकून पाहतात. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ते दार बंद केलं : कोर्टाचे कागद कोर्टाच्या नियमांनीच मागा.

हाती आलेल्या नकलेचा निकाल सगळे वाचतात, शेवटचा शिक्का कुणी वाचत नाही. खरं तर त्यातल्या तारखा फार मोलाच्या आहेत : अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस मिळतात, आणि १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. तीस दिवस उलटून गेलेल्या माणसाचं अपील त्या जांभळ्या शिक्क्यातल्या तारखांवर तरून जाऊ शकतं.

अशी एक वेळ होती, की याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कोर्टाचा कागद शोधायचा नव्हता, जाळायचा होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे पसरला. जमावाला बहुतेक ठिकाणी सावकाराचा जीव नको होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हवे होते, ते मिळाले की होळी. कारणही उघड होतं. समन्स पोचलं नाही किंवा समजलं नाही, शेतकरी हजर झाला नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन गेली. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी वेगळा कायदा झाला. त्यानं न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन कर्जाचा हिशेब पहिल्यापासून तपासायला लावलं. 'नुसत्या कागदावर जाऊ नका' असं कायद्यानंच म्हणायचं, ही तेव्हाच्या मानानं मोठीच गोष्ट होती.

नेवाशाला लिखाण नवं नाही. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी इथेच सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. पुढे १५८४ मध्ये खाली पैठणला एकनाथांनी प्रती ताडून पाठशुद्धी केली. नक्कल मुळाशी ताडून पाहायची, हेच काम आज नक्कल विभागात होतं. जुन्या कागदांत त्याला नेमका शब्द आहे : अस्सलबरहुकूम.

संगणकानं नंबराचा प्रश्न निम्मा सोडवला. ई-कोर्टवर प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो; तो टाकला की पुढची तारीख मोबाइलवर. नावानंही शोधता येतं, पण नाव बहुधा रोमन लिपीत चढवलेलं असतं, आणि 'ज्ञानदेव' कोणी 'डी'नं सुरू करतो, कोणी 'जी'नं. संगणक येण्याआधी संपलेले दावे तर बरेचसे तिथे नसतातच. त्यांच्यासाठी खिडकी.

नातवाला शेवटी वाटपाच्या हुकूमनाम्याची नक्कल मिळते. बाहेर येऊन तो आधी तीन झेरॉक्स काढतो, मग वाचतो. त्यात लिहिलेलं असतं, की प्रत्येकाचा एक तृतीयांश हिस्सा, आणि जमीन शेतसाऱ्याची असल्यानं सरस-निरस मानानं वाटप करून देण्यासाठी प्रकरण कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावं. म्हणजे मोजणी, नकाशा आणि ताब्याचे कागद इथे नाहीत, ते महसूलकडे. दुपारच्या सुट्टीनंतर तो तहसील कचेरीच्या आवक-जावक टेबलापुढे उभा राहतो. तिथला कारकून नक्कल चाळतो आणि विचारतो, "कोर्टाचा जावक नंबर कुठाय?"