एक दाणा, दोन दारं

मराठी घरात दाण्याचा कूट कशाकशात पडतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, वरीच्या भातासोबतची आमटी, संक्रांतीचे लाडू. हिशेब ठेवायची वेळ येते ती वर्षा-दीड वर्षाचं मूल खिचडीचे दोन घास खातं, पाच-दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात आणि तपासणीनंतर डॉक्टर शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचं सांगतात, तेव्हा. घरी आल्यावर आजी विचारतेच, "अगं, दाणे तर त्याने जन्मात पहिल्यांदा खाल्ले. पहिल्याच घासाला कसं बाधेल?"

आजीचा प्रश्न रास्त आहे. ॲलर्जीला आधीची ओळख लागते. शरीराच्या संरक्षण यंत्रणेने तो पदार्थ कधीतरी पाहून त्याच्यावर शत्रूचा शिक्का मारलेला असतो, मगच पुढच्या भेटीत ती चवताळते. मुलाने दाणा खाल्लाच नव्हता, तर ही ओळख झाली कुठे?

बहुधा कातडीतून, असं आज अनेक तज्ज्ञ मानतात. बाळाला इसब असला की त्वचा कोरडी, भेगाळलेली असते. घरात जे रोज खाल्लं जातं त्याचे कण धुळीत, अंथरुणात, मोठ्यांच्या हातांवर असतातच. खाजवलेल्या त्वचेतून ते आत शिरले की तिथल्या पेशी त्यांना घुसखोर ठरवतात. तेच कण तोंडावाटे आतड्यात गेले असते, तर हे अन्न आहे, याच्या वाटेला जायचं नाही, अशी शिकवण यंत्रणेला बहुधा मिळाली असती. पुढच्या दाराने आला तो पाहुणा, खिडकीतून शिरला तो चोर, माणूस एकच.

लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना २००८ साली प्रसिद्ध केली. शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमधल्या मुलांत सुमारे दहापट निघाली. ब्रिटनमध्ये तान्ह्या मुलांना दाण्यापासून लांब ठेवत, तर इस्राएलमधली बाळं 'बांबा' नावाचे दाण्याचे कुरकुरे चघळत मोठी होत. मग तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं निवडून अर्ध्यांना नियमित दाण्याचे पदार्थ दिले, अर्ध्यांना ते वर्ज्य केले. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या वयाला दाणे टाळणाऱ्यांत सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत सुमारे ३ टक्क्यांना. बाळाला जपण्यासाठी दाणे टाळायचे, हा डॉक्टरांचाच जुना सल्ला उलटा फिरला. तेव्हा आईचं काय चुकलं, ही उलटतपासणी घरात नको. आणि ज्याला ॲलर्जी झाली आहे त्याला सवय व्हावी म्हणून दाणा भरवणं तर अजिबात नको. हा प्रयोग ॲलर्जी होण्याआधीचा होता.

शरीर ही ओळख कशात जपून ठेवतं, हे शोधण्याची गोष्टही अचाट आहे. १९२१ साली कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोन जर्मन डॉक्टर याच कोड्यामागे होते. क्युस्टनरना मासे बाधत, प्राउसनिट्झना नाही. प्राउसनिट्झनी क्युस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. गांध उठली! एका माणसाची ॲलर्जी दुसऱ्याच्या चार बोटं कातडीपुरती उसनी मिळाली होती. द्रवातला तो पदार्थ हाती लागायला पुढे ४५ वर्षं गेली. १९६६ मध्ये अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने तो ओळखला. तो म्हणजे 'आयजीई' ही प्रतिपिंडं. रक्तात ती अगदी नगण्य असतात, पण त्वचेतल्या, श्वासमार्गातल्या आणि आतड्यातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. दाण्यातलं नेमकं प्रथिन येऊन दोन शेजारच्या प्रतिपिंडांना एकदम भिडलं, की ती पेशी आत भरून ठेवलेलं हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन ओतून टाकते.

दवाखान्यातली टोचणीची चाचणी याच पेशींना प्रश्न विचारते. मुलाच्या हातावर पेनाने खुणा करतात, खुणेशेजारी अर्काचा एकेक थेंब ठेवतात आणि थेंबातून हलकेच टोचतात. एक थेंब मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठायला नको. एक हिस्टामिनचा, तिथे उठायलाच हवं. मग पंधरा मिनिटं मुलाला खाजवू द्यायचं नाही, हीच खरी कसरत. शेवटी डॉक्टर पट्टी लावून गांध मोजतात. ती मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल, तर शरीराने ओळख ठेवली आहे.

पण ओळख म्हणजे ॲलर्जी नव्हे. कर्नाटकातल्या प्रौढांच्या पाहणीत साधारण चौघांमागे एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई सापडली. खाऊन खरोखर त्रास होणारे शंभरात एखाद-दुसरेच होते. म्हणून रक्ततपासणीची लांबलचक यादी हातात आली की दूध, गहू, डाळी सगळं बंद करू नये. दाणा कडधान्यांचा भाऊबंद असला, तरी शेंगदाणा बाधणारी बहुतेक मुलं वरण-भात सुखाने खातात.

घरात मग काय बदलायचं? एका दाण्यात साधारण पाव ग्रॅम प्रथिन असतं आणि काही मुलांना त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. म्हणून कुटाचा चमचा, मिक्सरचं भांडं, तळणीचं तेल वेगळं हवं. शुद्धीकरण केलेल्या शेंगतेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. हाताला लागलेला कूट साबण-पाण्याने जातो, सॅनिटायझरने जात नाही. भारतात पाकीटबंद पदार्थांत शेंगदाणा असेल तर वेष्टनावर तसं छापणं बंधनकारक आहे. फरसाणाच्या सुट्या पुडीला मात्र वेष्टन नसतं.

अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायची आपली रीत आहे. खाज तेवढ्याने शमेलही. पण घरघर, आवाज बसणं, सारख्या उलट्या किंवा मूल मलूल पडणं, यांतलं काही दिसलं तर हाताशी हवं ॲड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेल्या मात्रेत. आपलंच शरीर बनवतं ते हे रसायन सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, आखडलेला श्वासमार्ग उघडतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांना हे जमत नाही. मुलाला आडवं ठेवून १०८ ला फोन करायचा. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. हे सगळं कागदावर लिहून बालवाडीच्या ताईंकडे द्यावं. "एका घासाने काय होतंय" म्हणणाऱ्या मावशीलाही तो वाचायला द्यावा.

शिक्का पुसता येतो का? दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वयानुसार ओसरते, दाण्याची पाचांतल्या साधारण एकाची. इतरांसाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा एक उपचार आहे. अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेल्या औषधात अर्ध्या मिलिग्रॅम दाण्याच्या प्रथिनापासून सुरुवात करून कित्येक महिन्यांनी रोजच्या ३०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे जेमतेम एका दाण्यापर्यंत पोचतात. मूल त्याने चिक्की खायला मोकळं होत नाही, चुकून पोटात गेलेला घास मात्र पुष्कळदा निभावतो. चुकीचं शिकलेली यंत्रणा नवं शिकू शकते, म्हणूनच निदानाचा कागद कायमचा धरून न बसता ठरावीक काळाने पुन्हा तपासून घ्यावा.