आधी पोस्टर, मग भयपट

१९५८ साली अमेरिकेत 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन' नावाचा एक चित्रपट प्रदर्शित झाला. पन्नास फूट उंचीच्या स्त्रीचा हल्ला, असा त्या नावाचा अर्थ. आणि पोस्टरच्या चित्रकाराने तो अगदी अक्षरशः रंगविला होता. मोटारींच्या उंच रस्त्यावर एक महाकाय तरुणी पाय रोवून उभी आहे. एक मोटार तिने खेळण्यासारखी हातात उचलली आहे. खाली वाहने एकमेकांवर आदळत आहेत आणि मुंग्यांएवढी माणसे वाट फुटेल तिकडे धावत आहेत. हे पोस्टर पाहून तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला तो रस्ता मात्र शेवटपर्यंत पडद्यावर दिसला नाही. चित्रपटात तसा प्रसंगच नाही. तेथे आहे ती वाळवंटाकाठच्या एका लहान गावातील श्रीमंत पण दुःखी पत्नी, तिचा बाहेरख्याली नवरा, आकाशातून उतरलेला एक चमत्कारिक गोल, आणि पैशांच्या टंचाईमुळे अर्धवट पारदर्शक दिसणारी एक राक्षसीण.

प्रेक्षकाची फसवणूक झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आज तो चित्रपट पाहणारे थोडे आणि ते पोस्टर ओळखणारे असंख्य, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. जुन्या भयपटांचा आणि त्यांच्या पोस्टरांचा आस्वाद घ्यावयाचा तर या दोहोंतील नाते आधी समजून घ्यावे लागते. चित्रपट तयार झाला, मग त्याची जाहिरात रंगविली, असा क्रम आपण गृहीत धरतो. या दुय्यम चित्रपटांच्या दुनियेत तो क्रम पुष्कळदा उलटा होता. पोस्टर हे आधी काढलेले कर्ज असे, आणि चित्रपट ही त्याची जमेल तशी केलेली फेड असे.

'बी' चित्रपट ही संज्ञा आज हलक्या, टाकाऊ चित्रपटाला सरसकट लावली जाते. मुळात ती हिशेबातली संज्ञा होती. १९३०च्या दशकातील आर्थिक मंदीत अमेरिकन चित्रगृहांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची प्रथा रूढ केली. पहिला, म्हणजे नामांकित नटनट्यांचा चित्रपट, उत्पन्नाच्या टक्केवारीवर दिला जाई; दुसरा ठरावीक भाड्यावर. या दुसऱ्या चित्रपटाने कितीही गर्दी खेचली तरी निर्मात्याच्या हाती पडणारी रक्कम फारशी वाढत नसे. नफा हवा तर खर्च कमी करणे, एवढाच मार्ग उरला. म्हणून लांबी तासा-सव्वातासाची, देखावे दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेले, चित्रीकरण दोन-तीन आठवड्यांत. भयकथा या व्यवहाराला फार सोयीची, कारण अंधाराला खर्च लागत नाही.

अंधाराची ही काटकसर एका माणसाने कलेच्या पातळीवर नेली. त्याचे नाव व्हॅल ल्यूटन. १९०४ साली याल्टा येथे जन्मलेला हा गृहस्थ लहानपणी अमेरिकेत आला, कादंबऱ्या लिहून पाहिल्या, आणि डेव्हिड सेल्झनिक या बड्या निर्मात्याकडे कथाविभागात वर्षानुवर्षे राबला. १९४२ साली आर. के. ओ. या स्टुडिओने त्याच्याकडे भयपटांचा एक छोटा विभाग सोपविला. ऑर्सन वेल्सच्या महत्त्वाकांक्षी चित्रपटांपायी स्टुडिओची तिजोरी आटली होती, आणि शेजारचा युनिव्हर्सल स्टुडिओ ड्रॅक्युला-फ्रँकेन्स्टाइनच्या जोरावर पैसा मिळवीत होता. ल्यूटनला घातलेल्या अटी तीन. खर्च दीड लाख डॉलरांच्या आत, लांबी पाऊण-सव्वा तासाच्या मर्यादेत, आणि नाव स्टुडिओ देईल ते. प्रेक्षकांत चाचपणी करून नाव पक्के होई, आणि मग त्या नावाला शोभेल अशी कथा त्याने शोधायची.

पहिले नाव आले 'कॅट पीपल', मांजरमाणसे. असल्या नावाखाली दुसऱ्या कोणी एखाद्या नटाला केसाळ मुखवटा चढवून मोकळा झाला असता. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी इरेना नावाची एक स्थलांतरित सर्बियन चित्रकर्ती न्यूयॉर्कमध्ये आणून ठेवली. आपल्या रक्तात काही शाप आहे, पतीच्या चुंबनासरशी आपले श्वापद होईल, या धास्तीने ती त्याच्याजवळच जात नाही. हा शाप खरा की मनाचा, याचा निवाडा चित्रपट बराच काळ लांबणीवर टाकतो. त्यातील दोन प्रसंग आजही अभ्यासले जातात. एकात इरेनाची प्रतिस्पर्धी युवती रात्री सेंट्रल पार्कच्या कडेने एकटी चालली आहे. मागे पावले वाजतात. मग ती वाजेनाशी होतात, आणि ती न वाजणे अधिक भयंकर वाटते. दिव्याच्या एका वर्तुळातून दुसऱ्याकडे ती घाईने जाते, आणि एकाएकी एक फूत्कार कानावर आदळतो. तो असतो थांबणाऱ्या बसच्या ब्रेकचा! चित्रपटव्यवसायात असल्या दचकविण्याला पुढे 'ल्यूटन बस' हेच नाव पडले. दुसऱ्या प्रसंगात तीच युवती रात्री पोहण्याच्या तलावात अडकते. भिंतींवर पाण्याची प्रतिबिंबे हलत असतात, कोठूनतरी गुरगुर ऐकू येते, आणि दिसत काहीच नाही.

स्टुडिओला हे 'काहीच नाही' मानवणारे नव्हते. पोस्टरवर काळे श्वापद आहे, तर ते पडद्यावर दिसलेच पाहिजे, असा वरिष्ठांचा आग्रह झाला. तूर्नरने हुकूम पाळला, पण श्वापद इतक्या गडद सावलीत ठेवले, की पाहणाऱ्याने आपण ते पाहिले अशी शपथ घ्यावी आणि शंकाही बाळगावी. घरातील भव्य जिना वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'साठी बांधलेला होता. ज्या चित्रपटाने स्टुडिओला खड्ड्यात घातले, त्याच्याच पायऱ्यांवरून ल्यूटनचा स्वस्त भयपट वर चढला, हा योगायोग मोठा बोलका आहे.

पुढची नावे याहून उथळ होती. 'आय वॉक्ड विथ अ झाँबी' हे नाव मिळाले तेव्हा ल्यूटनने 'जेन एअर'ची कथा वेस्ट इंडीजच्या एका बेटावर नेली आणि १९४३ साली गुलामगिरीच्या सावलीत जगणाऱ्या कुटुंबाचा एक उदास, सुंदर चित्रपट दिला. 'कॅट पीपल'ला यश येताच 'द कर्स ऑफ द कॅट पीपल', म्हणजे मांजरमाणसांचा शाप, अशी मागणी आली. १९४४ सालचा हा चित्रपट वस्तुतः एका एकाकी मुलीविषयी आहे. तिला समवयस्क सोबती नाहीत, म्हणून ती मृत इरेनालाच मैत्रीण मानते. त्या नावाच्या भरवशावर किंकाळ्या ऐकायला आलेल्या प्रेक्षकाला पदरात पडले ते बालमनाचे हळुवार चित्रण. हाही एक प्रकारचा वचनभंगच, पण असा वचनभंग कोणत्याही भाषेतील रसिकाला हवासा वाटेल. ल्यूटन संहितांवर अखेरचा हात स्वतः फिरवी, आणि नाव द्यावेच लागले तर 'कार्लोस कीथ' हे टोपणनाव देई. १९५१ साली, पन्नाशीही न गाठता, तो हृदयविकाराने गेला.

नाव आधी, या पद्धतीची पुढची पायरी १९५०च्या दशकात गाठली गेली. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी १९५४ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे 'अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स' म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीत निकल्सन नाव योजी, अल्बर्ट कॅलिस पोस्टर रंगवी, ते चित्रगृहचालकांना दाखवले जाई, आणि त्यांचा होकार मिळाला तर संहिता लिहिण्याचा विचार होई. १९५५ सालच्या 'द बीस्ट विथ अ मिलियन आइज'च्या पोस्टरवर नावाप्रमाणे डोळेच डोळे असलेला राक्षस होता. चित्रपटात तो नव्हताच. तक्रारी येताच पॉल ब्लेझडेल या कारागिराकडून फार थोड्या पैशांत एक लहानसा पुतळा घाईघाईने करवून घेऊन चित्रपटात बसविला गेला. ल्यूटनकडे जी गोष्ट संयम होती, ती येथे निव्वळ टंचाई होती. दोहोंना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे, आणि जुने ते सगळेच रसाळ असे म्हणणाऱ्या भाविकांशी येथे मतभेद अटळ आहे.

पोस्टरांकडे वळले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'ड्रॅक्युला' काळा-पांढरा आहे, 'कॅट पीपल' काळा-पांढरा आहे, पन्नास फुटी स्त्रीही काळी-पांढरीच आहे. पडद्यावरचे रक्त करडे होते. लाल होते ते फक्त कागदावर. प्रेक्षकाच्या वाट्याला जो काही रंग आला तो चित्रगृहाच्या दारात, तिकीट काढण्यापूर्वी. हे ओळखूनच त्या चित्रकारांनी हिरवा, पिवळा, जांभळा हे रंग अशा भडक जोडीने वापरले, की रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्याचीही नजर तेथे अडावी. चेहरा मोठा आणि वर, संकटातली स्त्री तिरपी आणि खाली, अक्षरे छापील खिळ्यांची नव्हेत तर हाताने रेखलेली, थरथरणारी. १९३०च्या आरंभी युनिव्हर्सलमध्ये कारोली ग्रोस या हंगेरियन कलावंताच्या देखरेखीखाली ही भाषा घडली. पुढे तिच्यात शरीररचनेचा काटेकोर अभ्यास आणला तो रेनॉल्ड ब्राउन याने. पन्नास फुटी स्त्री त्याचीच, आणि १९५४ सालच्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'चे पोस्टरही त्याचेच. स्टुडिओकडून आलेली छायाचित्रे समोर ठेवून, ठरल्या तारखेला, ठरल्या मजुरीत तो ही कामे करी. भव्य 'द अलामो'साठी त्याने जो हात वापरला, तोच या स्वस्त राक्षसांसाठीही वापरला. काम हलके म्हणून रेघ हलकी केली नाही. पोस्टरवर त्याचे नाव क्वचितच दिसे. १९७६ साली पक्षाघाताने त्याचे डावे अंग लुळे पडले, पण तो चित्रे काढीत राहिला. १९९१ मध्ये त्याचे निधन झाले.

हा प्रकार परदेशापुरता नव्हता. आपल्याकडे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर १९२०च्या दशकात आपल्या मूकपटांची पोस्टरे स्वतः रंगवीत. भयपटांची स्वस्त परंपरा मात्र रामसे कुटुंबाची. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या या रेडिओविक्रेत्याच्या घरातील सात भावांनी कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन आपसांत वाटून घेतले, आणि महाबळेश्वरला मुक्काम ठोकून 'दो गज जमीन के नीचे' हा १९७२चा चित्रपट अल्प खर्चात पुरा केला. त्यांचीही पोस्टरे कुंचल्याने रंगविलेली, आणि त्यांचाही खरा ग्राहक लहान गावातला.

ही पोस्टरे टिकावीत अशी कोणाचीच इच्छा नव्हती. अमेरिकेत सत्तावीस इंच रुंद आणि एक्केचाळीस इंच उंच असा तो कागद घड्या घालून टपालाने येई, भाड्याने लावला जाई, परत जाई, पुढच्या गावी फाटेपर्यंत वापरला जाई. महायुद्धात पुष्कळसा कागद रद्दीच्या मोहिमांत गेला. त्यामुळे जे उरले ते बहुधा अपघाताने. पेनसिल्व्हानियातील बर्विक येथे एकावर एक खळीने चिकटवलेला तेहतीस पोस्टरांचा गठ्ठा सापडला. वाफेने तो सुटा केल्यावर आत 'ड्रॅक्युला' निघाला. २०१२ साली हा गठ्ठा लिलावात पाच लाख डॉलरांवर गेला. १९३२ सालच्या 'द ममी'च्या एका पोस्टरला १९९७ मध्ये साडेचार लाख डॉलरांहून अधिक किंमत आली होती. धनिकांच्या या चढाओढीवरून कलेचे मोल ठरवू नये, हे खरे. पण तिच्यामुळे कागद जपला जातो, हेही खरे.

सर्वांत विलक्षण गत 'लंडन आफ्टर मिडनाइट'ची. टॉड ब्राउनिंगने १९२७ साली लॉन चेनीला घेऊन केलेला हा मूकपट. उंच टोपी, करवतीसारखे दात आणि ताणलेले डोळे असा चेनीचा अवतार त्यात होता. चित्रपटाची अखेरची ज्ञात प्रत १९६०च्या दशकात स्टुडिओच्या कोठारातील आगीत जळाली, आणि तेव्हापासून तो कोणी पाहिलेला नाही. २००२ साली उरलेल्या स्थिरचित्रांची क्रमवार जुळणी करून त्याची एक सावली तेवढी उभी करण्यात आली. २०१४ साली त्याचे एक पोस्टर पावणेपाच लाख डॉलरांना विकले गेले. चित्रपट नाही, त्याने काय दाखविण्याचे कबूल केले होते, ते सांगणारा तो घड्या पडलेला कागद मात्र आहे.