कोल्ह्याचे पुढचे उड्डाण

उत्पादक मौन पाळतो आणि ग्राहक मात्र न आलेल्या वस्तूच्या गुणदोषांची चर्चा करीत राहतात, हा प्रकार अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने दुर्लक्षावा असा नाही. निंटेंडो या जपानी कंपनीच्या ‘स्टार फॉक्स’ या अवकाशयुद्धाच्या व्हिडिओ गेम मालिकेबाबत २०१६ नंतर अनेक वर्षे हेच घडले. कोल्ह्याच्या रूपातील तिचा वैमानिक पुढच्या खेपेस कोठे झेपावेल, याविषयीच्या तर्कांना तोटा नव्हता. परंतु यांतील बहुतेक तर्क पुराव्यापेक्षा इच्छेवरच उभे असतात. पुरावा हवा असेल, तर मालिकेचा इतिहास पाहिला पाहिजे.

१९९३ साली पहिला खेळ आला, तो ‘सुपर एफएक्स’ नावाची चिप कॅसेटमध्येच बसवून. आर्गोनॉट या ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने घडविलेल्या या चिपमुळे जुन्या यंत्रावर त्रिमितीचा भास निर्माण झाला. १९९७ च्या भागाबरोबर हातातील कंट्रोलरला कंप देणारे ‘रंबल पॅक’ विकले गेले. २००६ च्या भागात स्पर्शपडद्यावर लेखणी फिरवून विमान वळवावे लागे. २०१६ च्या ‘झीरो’मध्ये दोन पडद्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवावे लागे. २००२ आणि २००५ चे भाग बाहेरच्या संस्थांनी घडविले, ते अपवाद म्हणता येतील. एरवी नियम स्पष्ट दिसतो: कंपनीला नवी युक्ती खपवावयाची असली, की कोल्ह्याला पाचारण होते.

याच नियमाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. ‘स्टार फॉक्स २’ हा खेळ नव्वदीच्या दशकाच्या मध्यास जवळजवळ पूर्ण झाला होता. पण अधिक समर्थ यंत्र बाजारात येऊ घातल्याने तो दडवून ठेवण्यात आला. पुढे २०१७ साली, जुन्या यंत्राच्या छोट्या प्रतिकृतीचे आकर्षण म्हणून तो विक्रीस आला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत खेळ आणि यंत्र या परस्परपूरक वस्तू होत. स्टोव्हच जर घरोघर नसेल, तर रॉकेलला मागणी कोठून येणार? ‘वी’ या यंत्राच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. ‘झीरो’ मात्र ज्या ‘वी यू’साठी निघाला, त्याच्या जेमतेम एक कोटी पस्तीस लाख खपल्या. शिवाय त्या दुहेरी पडद्याच्या योजनेवर समीक्षकांनी कडक टीका केली. यंत्राच्या जाहिरातीचे ओझे खेळाच्या खांद्यावर टाकल्याचा हा परिणाम होता.

जून २०२५ मध्ये आलेल्या ‘स्विच २’चा कंट्रोलर टेबलावर सरकवून संगणकाच्या माउसप्रमाणे वापरता येतो. मालिकेची रीत पाहता, पुढचा भाग या सोयीभोवती बेतला जाण्याचा संभव अधिक. तसे होण्यात गैर काही नाही. पहिल्या खेळाचे यशही एका नव्या चिपवरच उभे होते. मात्र त्या चिपने खेळाची सेवा केली, तर २०१६ साली खेळाला यंत्राची सेवा करावी लागली, हा भेद विसरता कामा नये.

‘स्विच २’ची अमेरिकेतील आरंभीची किंमत सुमारे ४५० डॉलर होती. केवळ अफवेवर विसंबून, महिनोन्‌महिने पैसे साठवून असे यंत्र घेणारा विद्यार्थी रोख रक्कम देतो आणि आशा उधारीवर घेतो. इच्छा म्हणजे अंदाज नव्हे, एवढे भान त्याला आले, तर कंपनीलाही आपल्या कोल्ह्याला जाहिरातीच्या गाड्यास जुंपण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागेल.