हे अक्षर आहे का?

फ्रेंच भाषेत विद्यार्थ्याला 'एलेव्ह' म्हणतात. रोमन लिपीत त्याची अक्षरे पाच: ई, एल, ई, व्ही, ई. पहिल्या दोन 'ई'च्या डोक्यावर तिरकी रेघ असते. समजा, 'सलग अक्षरांचा शब्द शोध' असा नमुना आपण संगणकाला दिला. अशा नमुन्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. संगणकाजवळ फक्त इंग्रजीची माहिती असेल, तर तो 'एल' आणि 'व्ही-ई' असे दोन तुकडे आपल्या हाती ठेवील. रेघवाले 'ई' त्याच्या लेखी अक्षरेच नव्हेत!

याचे कारण असे, की संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात. ठाऊक असतात फक्त क्रमांक. इंग्रजी मोठा 'ए' ६५, लहान 'ए' ९७. फरक ३२. पश्चिम युरोपच्या 'लॅटिन-१' या संकेतात रेघवाला मोठा 'ई' २०१ आणि लहान २३३. फरक पुन्हा ३२! मग लहानाचे मोठे करायला ३२ वजा केले की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण त्याच संकेतात भागाकाराचे चिन्ह २४७ आणि गुणाकाराचे २१५. म्हणजे भागाकार हा काय लहान गुणाकार समजायचा?

तेव्हा नियम चालत नाही, कोष्टकच लागते. केंब्रिज विद्यापीठातील फिलिप हेझेल यांनी १९९७ मध्ये नमुने शोधणारा 'पीसीआरई' हा आज्ञासंग्रह तयार केला. त्यातली कोष्टके पाहण्यासारखी आहेत. ० ते २५५ या प्रत्येक क्रमांकाला एक घर. पहिल्या कोष्टकात त्या अक्षराचे लहान रूप, दुसऱ्यात लहानाचे मोठे व मोठ्याचे लहान. तिसऱ्यात दहा 'हो-नाही' याद्या: हा अंक आहे का, मोकळी जागा आहे का, वगैरे. हो किंवा नाही सांगायला एक बिट पुरतो, म्हणून २५६ उत्तरे ३२ बाइटांत मावतात. दहा याद्यांचे ३२० बाइट. चौथ्यात प्रत्येक क्रमांकाचे गुण एका बाइटात एकत्र. बेरीज करा पाहू: २५६ + २५६ + ३२० + २५६ = १०८८ बाइट.

ही घरे भरतो कोण? आज्ञावली संगणकाच्या मूळ यंत्रणेत निवडलेल्या भाषेला एकेक क्रमांक दाखवून विचारते आणि उत्तरे टिपून घेते. भाषा बदलली की उत्तरे बदलतात. लॅटिन-१ मध्ये २५३ म्हणजे रेघवाला 'वाय'; तुर्की संकेतात मात्र तोच क्रमांक बिनटिंबाच्या 'आय'चा. एकाचे कोष्टक दुसऱ्याला चालायचे नाही.

आणि आपली मराठी? युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५. २५६ घरांत तो मावणारच नाही. त्यासाठी युनिकोडची मोठी कोष्टके वापरतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, ती कटकट वाचली. पण त्या कोष्टकांत काना, वेलांटी ही अक्षरे नसून 'खुणा' आहेत. म्हणून 'फक्त अक्षरे शोध' म्हटले, की 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' होतात. नमुन्यात 'अक्षरे आणि खुणा' असे सांगितले, तरच शब्द अखंड हाती येतो.