न झालेल्या रक्तस्रावाची नोंद

सकाळी 8
औषधखोलीचं तापमान वहीत लिहिते, मग डब्या तपासते. डबीवर फक्त क्रमांक. आत कार्व्हेडिलॉल आहे की तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, हे मलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

9
पहाटेच्या एसटीने आलेली माणसं दुर्बिणीसाठी उपाशीपोटी बसलेली. सगळ्यांना लिव्हर सिरॉसिस. पाटात गाळ साचला की पाणी बाजूने वाट काढतं. तसंच कडक झालेल्या यकृतापाशी अडलेलं रक्त अन्ननलिकेच्या शिरांकडे वळतं. त्या फुगतात, आणि फुटल्या तर रक्ताची उलटी होते. फुगवटे मोठे असतील तर गोळी द्यायची किंवा रबरी बँड बांधायचा, हे ठरलेलं आहे. लहान असतानाच गोळी सुरू केली तर किती फायदा, हे आम्ही तपासतोय.

10.30
संमती. काकांना वाचता येत नाही, म्हणून अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवलाय.
“म्हणजे मला नुसतीच गोळी मिळंल?”
“मिळू शकते, काका. पण तपासण्या सगळ्या होतील. नको वाटलं तर कधीही सोडा, उपचार थांबणार नाहीत.”
“घरी इचारून सांगतो.”
जरूर विचारा, म्हणून कागद देते. घाईत घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणत नाहीत.

12
अभ्यासातल्या एका मावशींची नाडी पूर्ण एक मिनिट मोजते: 52. वरचं बीपी बसून 96, उभं राहिल्यावर 88, चक्करही येते. डॉक्टर डोस कमी करतात. नाडी मंदावली की डबीत काय असेल याचा अंदाज येतोच. म्हणून नाडी-बीपीच्या नोंदीचा हा कागद दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांकडे जात नाही.

2
परत आलेल्या गोळ्या मोजते. एकाच्या बऱ्याच उरल्यात. लग्नाला गेले, डबी घरीच राहिली. रागवत नाही. लोक बोलणी खाण्याच्या भीतीने गोळ्या लपवू लागले, तर चांगलं औषधही कुचकामी ठरेल.

4
फोन. “ताई, बाबांना काळी शी झाली.” लोहाच्या गोळीनेही होते, पण ही डांबरासारखी चिकट आहे. “वाट बघू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरांना अभ्यासाचं कार्ड दाखवा.” ॲडमिट केलं, तर 24 तासांत प्रायोजक, नीतिसमिती आणि केंद्रीय औषध नियामक यांना कळवावं लागतं. अर्ज भरायला घेते.

6
दिवसाच्या नोंदी संगणकात भरताना आधीचे अभ्यास आठवतात. 1981 मध्ये फ्रान्समधल्या डॉ. लेब्रेक यांनी 74 रुग्णांवर कार्व्हेडिलॉलच्याच गटातलं प्रोप्रॅनोलॉल तपासलं; एकदा रक्तस्राव झालेल्यांना तो पुन्हा होणं कितीतरी घटलं. 2019 मध्ये स्पेनमधल्या 201 रुग्णांच्या अभ्यासात अशा गोळ्यांनी मुख्यतः पोटात पाणी होणं कमी झालं. आमच्या रुग्णांना अजून रक्तस्राव झालेलाच नाही. तो टळला की मुळात होणारच नव्हता, हे एका माणसाकडे बघून कळत नाही. त्याला शेकडो माणसं आणि कित्येक वर्षं लागतात. गोळी उपयोगी ठरली तर पुढच्यांची रक्ताची उलटी टळेल. नाही ठरली, तर मावशींसारखी चक्कर कुणाला विनाकारण जन्मभर सोसावी लागणार नाही. नुसती गोळी घेणाऱ्यांचा या उत्तरात औषध घेणाऱ्यांइतकाच वाटा आहे.