तारेचा झोळ आणि काळी जमीन

दोन खांबांमध्ये बांधलेली तार कितीही ताणली तरी तिने सरळ रेषेत राहणे निसर्गनियमानेच अशक्य असल्यामुळे, तिला झोळ किती द्यावयाचा हा वाहिनी उभारणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो; आणि पुस्तकात एका ओळीत सुटणारा हा प्रश्न लातूर-नांदेडच्या काळ्या शिवारांत किती तऱ्हांनी पुन्हा उभा राहतो, हे अहमदपूर आणि लोहा यांच्या दरम्यान अकरा हजार व्होल्टची एक नवी शेतवाहिनी ओढली जात असता फाल्गुनात मला जवळून पाहावयास मिळाले.

तार ‘वीझल’ जातीची होती: मध्ये पोलादाचा एक धागा, भोवती ॲल्युमिनियमचे सहा, वजन किलोमीटरला १२८ किलो आणि तुटेपर्यंतची ताकद ११३६ किलो. ३२ अंश तापमानाला या ताकदीच्या चतुर्थांशापलीकडे, म्हणजे २८४ किलोंपलीकडे, ती ताणावयाची नाही असा दंडक आहे. आणि मीटरमागील वजनास गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधील अंतराच्या, वर्गाने गुणून ताणाच्या आठपटीने भागिले असता शंभर मीटरांच्या गाळ्याला ५६ सेंटिमीटर झोळ निघतो. गाळा दीडपट केला की झोळ सव्वादोनपट होतो. म्हणूनच आपल्या रानातला एक खांब कमी व्हावा ही शेतकऱ्याची स्वाभाविक विनवणी आणि तीत मिसळलेली गुत्तेदाराची सोय, या दोहोंपुढे कनिष्ठ अभियंत्याला आपली आकडेमोड घट्ट धरून उभे राहावे लागते.

मला सर्वाधिक मोहविले ते झोळ मोजण्याच्या रीतीने. खांबावर चढलेल्या लाइनमनने अद्याप वीज न आलेल्या तारेवर काठीचा एक टोला दिला आणि तळहात तारेवर टेकविला, टोल्याची लाट पलीकडच्या खांबावर आदळून परतली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि तिसऱ्या परतीला “आली, साहेब!” अशी हाक ऐकताच खालच्या अभियंत्याने घड्याळ थांबविले. चार सेकंद आणि किंचित वर. एवढ्या एका काळावरून झोळ थेट निघतो. तारेचे वजन, तिचा ताण आणि गाळ्याची लांबी यांपैकी काहीही निराळे विचारावे लागत नाही, कारण ही तिन्ही त्या काळातच सामावलेली असतात. हाच काळ साडेपाच सेकंद भरला, तर झोळ मीटरभर आहे असे समजावे. वैशाखात, तार ६५ अंशांपर्यंत तापली म्हणजे, याच गाळ्याचा झोळ तेवढा होणारच असतो. आणि तो धरूनच, दीड मीटर जमिनीत गेलेल्या आठ मीटरी खांबावरील तारा भूमीपासून पाच मीटरहून किंचित वर राहतात. १९५६ च्या विद्युत नियमांपासून चालत आलेली शेतातली मर्यादा ४.६ मीटरांची आहे. रस्ता ओलांडताना मात्र ६.१ मीटर लागतात, सबब तेथे उंच खांबांची तजवीज करावी लागते.

वाहिनी जेथे वळते तेथे हिशेब निराळा. केवळ दहा अंशांच्या वळणावर प्रत्येक तार खांबाला आतल्या अंगाला सुमारे पन्नास किलोंनी ओढते. तिन्ही मिळून दीडशे, आणि खांब तर १४० किलोंचाच भार पेलणारा. उरलेला भार जमिनीत पुरलेल्या ताणाने, म्हणजे खांबाला मागे ओढून धरणाऱ्या तिरप्या तारेने, पेलावयाचा. शेवटल्या पंपापर्यंत विजेचा दाब टिकावा म्हणून जाड तार घ्यावी, तर तोच भार दीडपटीहून अधिक होतो. दहा किलोमीटरांच्या टोकाशी हजार केव्हीए भार असल्यास वीझल तारेवर अकरा हजारांतले सुमारे एक हजार व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, म्हणून जाड तारेची मागणी रास्तच आहे. परंतु विजेच्या हिशेबातली ती सुधारणा अखेर जमिनीलाच सोसावी लागते.

आणि ही जमीन स्थिर नाही. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी भेगाळणारी ही माती खांबाला धरते आणि सोडते. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात खड्डा खणताना पहार वाकते, पण एकदा रोवलेला खांब बहुधा जागचा हलत नाही; येथे खड्डा लवकर होतो आणि खांब उन्हाळ्यात झुकतो. बांधावरचे एक वृद्ध शेतकरी अभियंत्याला म्हणाले, “साहेब, पावसाळ्यात गच्च बसतंय, पण भेगा पडल्या की ताण सैल होतोय बगा.” त्या शब्दांचे गांभीर्य एका आकड्यावरून कळावे: शंभर मीटरांच्या गाळ्यात ५६ सेंटिमीटर झोळ असलेली तार दोन टोकांमधील सरळ अंतरापेक्षा जेमतेम आठ मिलिमीटर अधिक लांब असते. शेवटच्या खांबाचा माथा दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत, आत झुकला, तर त्या गाळ्याचा झोळ सुमारे १.४ मीटर होतो. त्यावर वैशाखाचे ऊन चढले की दोन मीटरांच्या घरात जातो. मग ४.६ मीटरांची मर्यादा मोडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कडब्याने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या त्या तारांखालून जात असतात.

त्या दिवशी अभियंत्याने शेवटच्या ताणाचा खड्डा अधिक खोल करवून, उकरलेली काळी माती परत न टाकता मुरूम, दगड आणि काँक्रीट भरून घेतले. माझ्या मते हा खर्च अभियंत्याच्या दक्षतेवर न सोडता काळ्या जमिनीतील प्रत्येक वाहिनीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र कलम म्हणून मांडला जावा, आणि ताण कसण्याची फेरी मृगाच्या तोंडावर एकदाच न करता भेगा उघडू लागतात त्या चैत्रात एकदा, आणि पाऊस जिरून माती बसल्यावर दिवाळीनंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा व्हावी.