गेममध्ये गणित कुठे आहे?

विहारातल्या अभ्यासिकेत देणगीचा संगणक आला की मुले आधी गेम मागतात. तासभर हलत नाहीत, म्हणून आपण खूश होतो. पण ती शिकतात की नुसते गुण गोळा करतात?

इंग्लंडमध्ये हॅबगूड आणि एन्सवर्थ या संशोधकांनी ‘झॉम्बी डिव्हिजन’ हा भागाकाराचा गेम दोन प्रकारे वापरून पाहिला. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारात सांगाड्याच्या छातीवर संख्या असते. तिला निःशेष भाग जाईल असे शस्त्र निवडले तरच तो पडतो. दुसऱ्यात लढाई वेगळी, गणिते टप्पा संपल्यावर. पहिल्या प्रकाराने मुले जास्त शिकली. हवा तो प्रकार खेळा म्हटल्यावर त्यांनी त्यालाच सुमारे सातपट वेळ दिला.

आमच्या पाहण्यातले बरेच फुकट गेम दुसऱ्या प्रकारचे आहेत: गणित म्हणजे बक्षिसाआधीचा टोलनाका! शिकवणी लावणारी घरे ही कसर भरून काढतात. आपल्या वस्तीतल्या, पहिल्यांदाच शाळा पाहणाऱ्या घरांतल्या मुलांना अभ्यासिकाच आहे. म्हणून गेम निवडताना कार्यकर्त्याने तो आधी स्वतः खेळावा. नंतर मुलांना वही काढायला लावून ‘हेच शस्त्र का घेतलेस?’ असे विचारायला पंधरा मिनिटे राखून ठेवावीत.